कड्यापर्यंतची वाट

पावसाळा सुरू झाला की आमच्या शहापूर-मुरबाड भागात दोन गोष्टी येतात. एक भाताची लावणी आणि दुसरी मनाई हुकूम. धबधबे, धरणं, तलाव, गडांचे पायथे या ठिकाणी जाण्यास अमुक तारखेपर्यंत बंदी, असा जिल्हा प्रशासनाचा आदेश गेल्या काही वर्षांत पावसाळा आला की निघतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा, जुलै २०२४ पासून कायदा बदलला आणि कलमाचा आकडा १६३ झाला. आकडा बदलला, पाटी तशीच राहिली.

या हुकुमामागे कारण नाही असं मी म्हणणार नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तो प्रसंग ज्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिला त्यांना बंदीविरुद्ध बोलणं जड जाईल. पण आज मला वेगळी गोष्ट सांगायची आहे. पावसाळ्यातली चार महिन्यांची बंदी हळूहळू माणसांच्या अंगवळणी पडते. मग कुणी हिवाळ्यात दोर घेऊन कड्याकडे निघाला तरी त्याला विचारलं जातं, ‘परवानगी आहे का?’ डोंगरावर जाणं हा गुन्हा नाही, हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे डोंगराची वाट कुणाची होती, ती कधी अडली आणि कुणी अडवली, याचा इतिहास थोडा उलगडून पाहावा म्हणून हा खटाटोप.

मी शेणव्याचा. शहापूरहून आलं की आमच्या नाक्यावरून एक रस्ता किन्हवलीकडे जातो आणि एक डोळखांबकडे. डोळखांबच्या रस्त्याने पुढे डेहणे गाव आणि त्याच्या डोक्यावर आजोबाचा डोंगर. किन्हवलीकडून सरळगाव गाठलं की मुरबाड तालुका, मग टोकावडे, आणि आत वाल्हिवरे-बेलपाडा. बेलपाड्यात उभं राहून मान वर केली की हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा दिसतो. मी स्वतः दोरावर चढलेलो नाही. कवी माणूस, कडा खालूनच पाहतो. पण नाक्यावर चहा घेताना पाठीवर दोराची वेटोळी आणि कमरेला खुळखुळणाऱ्या लोखंडी कड्या असलेली मुलं गेली तीस वर्षं पाहतो आहे. त्यांचा पहिला प्रश्न कड्याविषयी कधीच नसतो. ‘चाचा, डेहण्याला गाडी कधी आहे? पाड्यातून वाट आहे का?’ एवढंच ते विचारतात. कड्याची चिंता नंतरची. आधी कड्याच्या बुडापर्यंत पोचता आलं पाहिजे.

वाटेवर पैसे घेणं ही आपल्याकडे फार जुनी रीत आहे. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून वर चढणारा नाणेघाट दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी वाहता ठेवला. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरला जायचा. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेच्या काळचा ब्राह्मी शिलालेख आहे, आणि घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण. त्यात जकातीची नाणी पडत, असं सांगतात. ते खरं धरलं तर त्यातून एक शहाणपण दिसतं. राज्यकर्त्यांनी वाट बंद केली नाही. पायऱ्या खोदल्या, पाण्याची टाकी खोदली, राखणदार बसवले, आणि त्याचा खर्च वाटसरूकडून घेतला.

शिवकाळात गडाची वाट हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. आमचा माहुली हा ठाणे जिल्ह्यातला एक उंच गड. माहुली, भंडारगड आणि पळसगड असं ते त्रिकूट आहे. वर शिवमंदिराचे अवशेष आहेत आणि मशिदीचेही. ज्याची ज्याची सत्ता आली त्याने आपल्या प्रार्थनेची जागा केली, पण पाणी सगळ्यांनी त्याच टाक्यांचं प्यालं. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याची शेवटची झुंज इथूनच दिली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात गड मोगलांकडे गेला. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी कडा चढून सिंहगड घेतला, पण त्याच सुमारास माहुलीवरचा मराठ्यांचा हल्ला किल्लेदार मनोहरदास गौड याने परतवून लावला. गड हाती आला तो जूनमध्ये, मोरोपंत पिंगळ्यांच्या हातून. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे सांगितलं आहे त्यात वाटांचा विचार आवर्जून आहे. गडाला एकच दरवाजा असणं हा त्यांनी मोठा दोष मानला आहे. गडाला एकाहून अधिक दरवाजे हवेत, चोरदिंड्या हव्यात. वाट अडवायची ती शत्रूची, आपल्या माणसासाठी ती राखायची, हे ते शास्त्र.

वाटच मोडून टाकण्याचा विचार नंतर इंग्रजांनी केला. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि सह्याद्रीतले गड कंपनी सरकारकडे गेले. गड सांभाळायला फौज ठेवणं परवडत नव्हतं, आणि मोकळे सोडले तर बंडवाल्यांना आसरा मिळण्याची भीती होती. तेव्हा सोपा उपाय निघाला. पायऱ्याच उडवून द्यायच्या. आमच्या शहापूरच्या शेजारी, कसारा घाट चढून गेलं की अलंग, मदन आणि कुलंग हे तीन गड एका रांगेत उभे आहेत. अलंग आणि मदनच्या वाटेवर सुरुंगाने तोडलेल्या पायऱ्यांच्या जागा आजही दिसतात. जिथे पूर्वी शिबंदी धान्याची पोती घेऊन चढायची, तिथे आज दोर लावल्याशिवाय वर जाता येत नाही.

या गोष्टीत मला मोठी गंमत वाटते. आज मुंबई-पुण्याची मुलं ज्या अवघड टप्प्यांवर चढाईचा सराव करतात, त्यांतले काही टप्पे निसर्गाने केलेले नाहीत. ते एका सरकारच्या बंदीने तयार झाले आहेत. आणि ज्यांच्या भीतीने पायऱ्या तोडल्या ते थांबले का? महादेव कोळ्यांचे राघोजी भांगरे याच डोंगरांच्या आधाराने इंग्रजांशी लढले. त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. पायऱ्या तोडल्या म्हणून डोंगराची माणसं डोंगरात जायची थांबली नाहीत, कारण त्यांच्या वाटा पायऱ्यांवर अवलंबूनच नव्हत्या.

पायऱ्यांनंतर पाळी आली जंगलाची. १८७८ चा वन कायदा आला आणि राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या. काल जिथून सरपण, पाला, मोहाची फुलं आणायची तिथे आज पाऊल टाकलं तर दंड. ठाणे जिल्ह्यात याविरुद्ध एवढी ओरड झाली की मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणारा त्याचा अहवाल १८८७ साली आला. ही गाऱ्हाणी ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी, कुणबी यांची होती. म्हणजे डोंगरात जाण्याच्या हक्कासाठी आपल्या जिल्ह्यात पहिलं भांडण गिर्यारोहकांनी मांडलेलं नाही. ते त्यांच्या कितीतरी आधी पाड्यांतल्या माणसांनी मांडलं. दोर घेऊन येणाऱ्या आजच्या तरुणांनी ही वडीलकी लक्षात ठेवायला हवी.

आता ऐका, कायदा काय म्हणतो. कायदा म्हटलं की आपण दचकतो, पण कायद्याच्या पोटात कधी कधी वाटसरूच्या बाजूचंही काही असतं. आज लागू असलेला भारतीय वन अधिनियम १९२७ चा. त्याचं कलम २५ सांगतं की राखीव जंगलातली सार्वजनिक किंवा खाजगी वाट वन अधिकाऱ्याला बंद करता येते, पण त्यासाठी शासनाची पूर्वमंजुरी लागते आणि तिच्या बदल्यात पुरेशी सोयीची दुसरी वाट असावी लागते, नसेल तर करून द्यावी लागते. पारतंत्र्यातल्या कायद्यानेही एवढं मान्य केलं होतं, की वाट बंद करायची तर पर्याय द्यावा लागतो.

गावच्या नकाशाचंही तसंच. तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशा असतो. त्यावर एकेरी तुटक रेघ दिसली तर तो पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेघ असेल तर गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. जमीन कुणीही विकत घेवो, ती रेघ विकली जात नाही. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेतकऱ्यांना हे कलम तोंडपाठ असतं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे खाजगी जमिनीतून वीस वर्षं आणि सरकारी जमिनीतून तीस वर्षं, बिनतक्रार आणि हक्क म्हणून चाललेली वाट कायद्याने हक्काची होऊ शकते. आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, कलम १६५ मध्ये, एक सुंदर शब्द आहे, ‘वाजिब-उल-अर्ज’. सरकारी नसलेल्या जमिनीतून जाण्यायेण्याच्या, पाण्याच्या, मासेमारीच्या गावातल्या ज्या रूढी असतील त्या जिल्हाधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवायच्या, त्या नोंदीचं हे नाव. फारसी महसुलातून आलेला हा शब्द मराठी कायद्यात मुक्कामाला आहे. माझ्यासारख्या माणसाला त्याचा लळा वाटला तर नवल नाही. वाजिब म्हणजे रास्त. वाटेची नोंद करणं रास्त आहे.

ही नोंद आज एवढी महत्त्वाची का झाली? कारण आता पायऱ्या सुरुंगाने उडवत नाहीत, तारेच्या कुंपणाने वाट बंद होते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत गेल्या तीस वर्षांत जमिनींचे फार व्यवहार झाले. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि हा भाग मुंबईच्या आणखी जवळ आला. माळावर फार्महाऊस होतात, दगडी भिंत येते, लोखंडी फाटक येतं. मालक वाईट असतो असं नाही. त्याने सातबारा पाहिलेला असतो, गावनकाशा पाहिलेला नसतो. त्याच्या प्लॉटमधून रानात जाणारी पायवाट त्याच्या लेखी नुसतं तुडवलेलं गवत असतं. भिंत आली की आधी गुरं वळसा घालतात, मग सरपणाला जाणाऱ्या बाया, आणि शेवटी कड्याकडे जाणारे.

सरकारी रानाची गोष्ट आणखी वेगळी. माहुलीचा परिसर १९७० साली घोषित झालेल्या तानसा अभयारण्यात आहे. मुरबाडमधला सिद्धगड भीमाशंकर अभयारण्यात, हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात शिरायला परवाना लागतो. परवाना कशासाठी मिळतो त्याची यादी कलम २८ मध्ये आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्यांशी कामकाज. चढाईचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. ती पर्यटनाच्या पोटात जाते, आणि मग सहलीच्या बसला आणि दोघा जणांच्या दोरीला एकच नियम लागतो.

राज्य सरकारने साहसी खेळांसाठी नियम करायचा प्रयत्नही केला. उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेनंतर जून २०१४ मध्ये क्रीडा विभागाचा शासन निर्णय आला. गिर्यारोहण संस्थांनी त्याला हरकती घेतल्या. जुलै २०१८ मध्ये सुधारित निर्णय आला, त्यावरही वाद झाला. मग ऑगस्ट २०२१ मध्ये पर्यटन विभागाचं साहसी पर्यटन धोरण आलं. पैसे घेऊन लोकांना डोंगरावर नेणाऱ्यांची नोंदणी व्हावी, त्यांच्याकडे प्रशिक्षित माणसं असावीत, हे योग्यच आहे. वादाचं मूळ असं होतं की चार मित्र आपल्या हिमतीवर कड्यावर जातात त्यांना व्यवसाय करणाऱ्यांच्या तराजूत तोलू नये. मुंबईची गिरिविहार ही संस्था १९५४ सालची. तिच्यासारख्या संस्था नफ्यासाठी निघाल्या नव्हत्या. हौशी मंडळींनी मुंब्र्याच्या डोंगरातल्या खडकांवर बोटं सोलून घेत ही विद्या मिळवली, आणि पुढच्यांना फुकट दिली. त्याच गिरिविहारच्या पुढाकाराने २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत प्रस्तरारोहणाची विश्वचषक स्पर्धा झाली. ज्या मातीतून हे उगवलं ती माती म्हणजे मोकळा खडक आणि तिथवर जायची मोकळी वाट.

धोका आहेच. सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, पण भरवशाचा नव्हे. हाताखालचा दगड निसटतो, आग्या मोहोळ उठतं. ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचं सगळं आयुष्य या कड्यांत गेलं. २०२० च्या जानेवारीत कोकणकड्यावरच त्यांचा मृत्यू झाला. असा माणूस जातो तेव्हा ‘बंद करा हे सगळं’ असं म्हणणं सोपं असतं. पण अपघात झाला की कोकणकड्याच्या दरीत सगळ्यांत आधी कोण उतरतं? बेलपाड्याची, पाड्यांतली माणसं आणि चढाई जाणणारे कार्यकर्ते. वाट बंद केली तर ही माणसं आणि हे ज्ञान दोन्ही नाहीसं होईल. चोरून जाणारे मात्र जातच राहतील, आणि त्यांना शोधायला कुणी जाणकार उरणार नाही.

डेहण्याच्या बाजूला एक ठाकूर गडी माझ्या ओळखीचा आहे. सुट्टीच्या दिवशी त्याच्या घरी पाच-दहा जणांचं जेवण असतं. तांदळाची भाकरी, कोंबडीचा रस्सा. मी त्याला विचारलं, बंदीचा तुला काय त्रास? तो म्हणाला, “भाई, बंदी लागली की आमचं गिऱ्हाईक तुटतं, ते आहेच. पण मला भ्या वेगळं वाटतं. आज ह्या पोरांना म्हणत्यात रानात जाऊ नका, उद्या माझ्या पोराला म्हणतील. मंग कोणाला दाखवायचा कागद?”

त्याच्या या प्रश्नाचं उत्तर शोधायला थोडं बाहेर पाहू. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ किंडर स्काउट नावाचं पठार आहे. जमीनदारांनी शिकारीसाठी ते बंद ठेवलं होतं. २४ एप्रिल १९३२ रोजी कारखान्यांत राबणारे शेकडो तरुण मुद्दाम त्या बंद माळावर चालत गेले. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. पण १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि मोकळ्या प्रदेशात जाण्याचा कायदा झाला, आणि २००० सालच्या कायद्याने डोंगर-माळांवर पायी फिरण्याचा हक्क मिळाला. चालण्याच्या हक्काला अडुसष्ट वर्षं लागली. अमेरिकेत गिर्यारोहकांनी १९९१ साली ॲक्सेस फंड ही संस्थाच काढली. कड्याच्या मालकाशी बोलायचं, करार करायचा, प्रसंगी जमीन विकत घेऊन वाट राखायची, हे तिचं काम.

पण जगाचा धडा एकाच बाजूचा नाही. ऑस्ट्रेलियातला उलुरू हा प्रचंड खडक तिथल्या मूळ रहिवाशांना पवित्र आहे. २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढणं कायमचं बंद झालं. अमेरिकेतल्या डेव्हिल्स टॉवरवर १९९५ पासून जून महिन्यात चढू नये अशी विनंती केली जाते, कारण तो मूळच्या जमातींच्या धर्मविधींचा महिना. पुष्कळ चढणारे ती विनंती पाळतात. आपल्याकडेही देवराया आहेत, देवाचे सुळके आहेत. कड्यांच्या कपारीत गिधाडं हिवाळ्यात घरटी करतात, आणि चढाईचा हंगामही नेमका तोच. तिथे तेवढा कडा तेवढे महिने सोडून देणं हे पाहुण्याचं कर्तव्य आहे. गावाने सांगितलेलं ‘इथे नको’ आणि कागदाने सरसकट लादलेलं ‘कुठेच नको’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वाट राहिली तर काय राहतं, याचा दाखला आमच्याच भागात आहे. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मे झाले. बेचाळीसच्या लढ्यात विजेचे मनोरे पाडणाऱ्या त्यांच्या आझाद दस्त्याला याच रानाने लपवलं होतं. दर वर्षी २ जानेवारीला त्यांना अभिवादन करायला माणसं सिद्धगडला जातात. तो रस्ता आज अभयारण्यात आहे. जिथे ती माणसं पडली तिथे पायाने जाऊन उभं राहता येतं, म्हणून ती आठवण अजून ताजी आहे.

जुलै २०२५ मध्ये शिवरायांच्या वारशातले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. आनंदच आहे. त्या बारांत आमचा माहुली नाही. त्याला ना यादीचं कवच, ना यादीचा पैसा. त्याच्या नवरा-नवरी, भटोबा आणि वजीर या सुळक्यांना वांद्रे गावाच्या किंवा माहुलीच्या पायथ्याच्या माणसांशिवाय दुसरा राखणदार नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे, आणि ती गिर्यारोहण संस्थांनाच आहे. दर वर्षी मोहिमा काढता, तशी एक मोहीम तहसील कचेरीवर काढा. शहापूर आणि मुरबाडच्या ज्या ज्या गावातून कड्याकडे वाट जाते त्या गावचा नकाशा मिळवा. वाट त्यावर आहे का पाहा. नसेल तर ग्रामसभेपुढे जा, म्हाताऱ्यांना बोलवा, वाट कुठून कुठे जायची ते लिहून घ्या, ठराव करा. खाजगी जमिनीत असेल तर वाजिब-उल-अर्जाची नोंद मागा, जंगलात असेल तर वन खात्याला कलम २५ ची आठवण करून द्या. शुल्क असेल तर द्या, पण त्यातून वाटेची डागडुजी व्हावी आणि गावाला वाटा मिळावा असा आग्रह धरा. अर्जावर पहिली सही पाड्यातल्या माणसाची घ्या, तुमची दुसरी.

चढणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आपल्या कायद्यात आज नाही, आणि तो लवकर येईल असं दिसत नाही. पण सरपणाला जाणाऱ्या बाईची, गुराख्याची, देवाला जाणाऱ्याची वाट कायद्यात आहे. कड्याच्या बुडापर्यंत तीच वाट जाते. ती आधी कागदावर आली, तर तिच्यावरून दोर घेऊन जाणाऱ्याला अडवणं कुणालाही सोपं जाणार नाही, आणि माझ्या त्या ठाकूर मित्राच्या मुलाकडेही दाखवायला कागद असेल.